हिमबिबट्याचा आकडा वाढला म्हणतात, मग धोका नक्की कुठे उरलाय?

रानवाटा (प्रश्न)

मंडळी, एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात घोळतेय म्हणून विचारते. २०१७ मध्ये आययूसीएनने, म्हणजे कुठला प्राणी किती धोक्यात आहे याची जागतिक यादी ठेवणाऱ्या संस्थेने, हिमबिबट्याला एन्डेंजर्ड (धोक्यात) मधून काढून व्हल्नरेबल (असुरक्षित) मध्ये टाकलं, म्हणजे एक पायरी बरी परिस्थिती. मग जानेवारी २०२४ मध्ये भारतातल्या गणतीचा आकडा आला, ७१८, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये. सगळीकडे आनंदीआनंद, हिमबिबटे वाढले म्हणून पोस्टी फिरल्या. आणि दुसरीकडे वाचायला मिळतं की जगभरात दरवर्षी शेकडो मारले जातात. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं काय? शिवाय कातड्यासाठी होणारी शिकार हा मुख्य धोका असेल तर गस्त वाढवा, तस्कर पकडा, विषय संपला असं वाटायला हवं ना, पण जे जे वाचतेय त्यात मेंढपाळ, शेळ्या, विमा, गावातली कुत्री असलंच जास्त येतंय. तिकडे काम केलेलं किंवा नीट अभ्यास असलेलं कोणी असेल तर सांगा ना, नक्की मारतंय कोण, आणि जे उपाय चालू आहेत त्यातलं खरंच काही चालतंय का.

कडेकपारी

रानवाटा ताई, दोन्ही खरं आहे. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणारी ट्रॅफिक म्हणून संस्था आहे, तिच्या २०१६ च्या अहवालात २००८ पासून दरवर्षी २२१ ते ४५० हिमबिबटे मारले गेले असावेत असा अंदाज आहे. आता कारणं बघा. साधारण ५५ टक्के मारले गेले ते जनावरं खाल्ली म्हणून, सूड म्हणा किंवा संताप म्हणा. मुद्दाम विकण्यासाठी मारलेले २१ टक्के. आणि १८ टक्के दुसऱ्याच कुठल्या प्राण्यासाठी लावलेल्या फासात वगैरे सापडून. अर्थात रागाने मारल्यावरही कातडं आणि हाडं कुठेतरी विकायला जातात, त्यामुळे हे कप्पे अगदी वेगळे नाहीत, पण सुरुवात कुठून होते ते महत्त्वाचं. सुरुवात होते ती मेंढपाळाच्या वाडग्यात, म्हणजे शेळ्या-मेंढ्या रात्री कोंडतात त्या आवारात.

मी लडाखमध्ये एका संस्थेच्या कामात मदतीला होतो तेव्हा असा वाडगा बघितलाय तो सांगतो. छातीपर्यंत येणारी दगडांची भिंत, चिखलाचा गारा नाही काही नाही, नुसते दगड रचलेले, वर उघडं आभाळ, आणि फळ्या ठोकून केलेलं एक दार ज्याच्या खालून सहज हात जाईल. हिमबिबट्याला अशी भिंत म्हणजे काहीच नाही. आत उडी मारली की शेळ्या-मेंढ्यांना पळायला जागा नसते, त्या घाबरून तिथल्या तिथे गोल फिरतात आणि पुढ्यात हलणारं जनावर दिसत राहिलं की तो मारत राहतो, उघड्या डोंगरावर भरलच्या (हिमालयातल्या रानमेंढ्यांच्या) कळपावर झडप घातली तर एक हाती लागतं आणि बाकीचे पसार होतात, इथे ते पसारच होऊ शकत नाहीत. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा घरातली बाई एकेक मेंढी पायाला धरून ओढत बाहेर आणत होती आणि भिंतीच्या कडेला ओळीने ठेवत होती. बहुतेकींच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही, फक्त गळ्याशी लोकरीत दातांची बारीक भोकं आणि थोडं रक्त गोठलेलं. खाल्लेलं जवळजवळ काहीच नाही. ती काही बोलली नाही. तिचा नवरा मात्र खूप बोलला, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच बोललो असतो.

पूर्वी बऱ्याच ठिकाणी असं व्हायचं की खाऊन सुस्तावलेला हिमबिबट्या सकाळी वाडग्यातच सापडायचा, मग सगळं गाव जमून तिथेच दगडांनी ठेचायचं. हा प्राणी सहसा माणसावर धावून येत नाही हो, त्याने माणूस मारल्याची खात्रीशीर नोंद नाही. कोपऱ्यात अंग चोरून बसतो बिचारा.

आणि उपाय इतका साधा आहे की चीड येते सगळीकडे अजून का झाला नाही म्हणून. भिंतीवर आडवे वासे, त्यावर जाड तारेची जाळी, चौकटीत घट्ट बसणारं दार. लडाखच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या गावांमध्ये रिंचेन वांगचुक आणि रॉडनी जॅक्सन या हिमबिबट्यांसाठी काम करणाऱ्या दोघांनी हे काम सुरू केलं, पद्धत अशी की जाळी आणि लाकूड बाहेरून येणार, दगड आणि मेहनत गावाची, म्हणजे वाडगा गावाचाच राहतो, कोणी दान दिलेला नाही. नीट बांधलेल्या वाडग्यात रात्रीचा सामूहिक संहार थांबतो. दिवसा कुरणावर एखादं जनावर जातंच, पण एक गेलं तर माणूस ते सोसतो.

मोजमाप

आकड्यांबद्दल मी लिहितो कारण त्यावरून फार गैरसमज पसरलेत.

पहिली गोष्ट, ७१८ म्हणजे "वाढले" नाही. त्याआधी अशी सबंध हिमालयाची पद्धतशीर मोजणी भारतात झालीच नव्हती मग वाढले कशाच्या तुलनेत? २०१९ ते २०२३ या काळात सुमारे १,२०,००० चौरस किमी भाग धरला, १३,४५० किमी वाटा चालून पाऊलखुणा, विष्ठा नोंदवल्या, १,९७१ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावले आणि त्यात २४१ वेगवेगळे हिमबिबटे ओळखता आले. बाकीचा आकडा त्यावरून गणिताने काढलेला अंदाज आहे. भारतीय वन्यजीव संस्था, म्हैसूरचं नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशन, डब्ल्यूडब्ल्यूएफ इंडिया आणि राज्यांची वनखाती असे सगळे होते. मोठं काम आहे, पण ही पहिली ओळ आहे, आलेख दुसऱ्या-तिसऱ्या गणतीनंतर दिसेल.

दुसरी गोष्ट ओळखण्याची. प्रत्येकाच्या अंगावरची वलयं वेगळी असतात, त्यावरून ओळखतात. पण याचा केसाळ अंगाचा फोटो, त्यात रात्रीचा, त्यात अंग वळलेलं, मग एकाच प्राण्याचे दोन फोटो दोन वेगळे प्राणी म्हणून मोजले जातात. प्राणिसंग्रहालयातल्या, म्हणजे आधीच ओळख माहीत असलेल्या हिमबिबट्यांचे फोटो जाणकारांना देऊन हे तपासलं गेलंय, २०२० मध्ये प्रसिद्ध झालं, तर संख्या साधारण एक तृतीयांशाने फुगत होती. तेव्हापासून बरीच काळजी घेतली जाते, दोन-तीन जण स्वतंत्रपणे फोटो बघतात, डाव्या आणि उजव्या कुशीचे फोटो जुळवतात, तरी कुठलाही आकडा ऐकला की पद्धत विचारायची सवय लावून घ्या.

आणि २०१७ चं म्हणाल तर एन्डेंजर्ड राहण्यासाठी प्रौढ प्राणी २,५०० पेक्षा कमी असावे लागतात आणि घटही ठरावीक वेगाने व्हावी लागते. अंदाज आला २,७१० ते ३,३८६. म्हणजे उंबरठ्याच्या जरासं वर. बऱ्याच संशोधकांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता की अधिवासाच्या फार थोड्या भागात नीट मोजणी झालेली असताना एवढ्या बारीक फरकावर वर्ग बदलू नका. आणि त्याच नोंदीत संख्या घटतेय असंही स्पष्ट लिहिलंय, ते कोणी शेअर करत नाही. बारा देशांत पसरलेला प्राणी आहे, निम्म्याहून जास्त अधिवास एकट्या चीनमध्ये, तिथलं चित्र स्पष्ट झाल्याशिवाय जगाचा आकडा ठामपणे सांगणं मला तरी पटत नाही. भूतानने दोनदा मोजलं, २०१६ मध्ये ९६ आणि २०२२-२३ च्या गणतीत १३४, तिथे निदान तुलना करायला काहीतरी आहे.

देवदार

सगळं वाचलं. मला कळत नाही एवढा खटाटोप कशाला. जिथे हिमबिबटे जास्त आहेत तो भाग राष्ट्रीय उद्यान जाहीर करा, लोकांना चांगले पैसे आणि जमीन देऊन खाली वसवा, चराई बंद. वाघांच्या बाबतीत केलंच ना. शेळ्याच नसतील तर भांडण कुठून येणार.

कडेकपारी

देवदार, तुमची कळकळ समजते पण हे इथे जमत नाही आणि करूही नये असं माझं स्पष्ट मत आहे. मंगोलियात जीपीएस कॉलर लावून बघितलं तर एका नराचा वावर सरासरी २०० चौरस किमीच्या पुढे निघाला, मादीचा १२० च्या वर. या प्राण्याच्या अधिवासात जी संरक्षित क्षेत्रं आहेत त्यातली ४० टक्के तर एका नराच्या वावरापेक्षाही लहान आहेत. किती मोठं उद्यान काढणार? हिमबिबट्या खालच्या जंगलातल्या वाघासारखा एका तुकड्यात राहतच नाही, भरल, आयबेक्स (रानशेळ्या) जिथे चरतात तिथे तो, आणि माणसाच्या शेळ्याही तिथेच चरतात, शेकडो वर्षं. हेमिस ४,४०० चौरस किमीचं, देशातल्या सगळ्यात मोठ्या उद्यानांपैकी, त्याच्या आतसुद्धा गावं आहेतच. त्यांना उठवलं तर उद्या फास लावणाऱ्यावर लक्ष ठेवणारे डोळेही गेले, कारण त्या उंचीवर, त्या थंडीत, वनरक्षक किती आणि कुठे पुरणार.

गवताळ

कडेकपारींशी सहमत. मी भरपाई आणि विम्याबद्दल थोडं लिहिते, माझा अभ्यासाचा विषय तोच आहे.

सरकारी भरपाई सगळीकडे कागदावर असते. पण मेंढी मेली वरच्या कुरणावर, पंचनामा करणारं ऑफिस दोन दिवसांच्या वाटेवर, तोवर गिधाडांनी सांगाडा केलेला, मग पुरावा काय दाखवणार आणि मिळालेच पैसे तर ते बाजारभावाच्या जवळपासही नसतात. म्हणून हिमाचलमधल्या स्पितीतल्या किब्बर गावात २००२ मध्ये विमा सुरू झाला, हिमबिबट्यांचे अभ्यासक चारुदत्त मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाबरोबर बसून. मालकाने प्रत्येक जनावरामागे थोडा हप्ता भरायचा, संस्थेने त्यात भर घालायची, आणि जनावर खरंच हिमबिबट्याने मारलं का हे गावाचीच समिती ठरवणार. यातली मेख ही समिती आहे. शेजारीपाजारीच बघणार म्हटल्यावर आजाराने मेलेली शेळी कोणी हिमबिबट्याच्या नावावर खपवू शकत नाही, कारण तो पैसा सगळ्यांच्या डब्यातून जातो. पाकिस्तानात बाल्टिस्तानमध्ये शफकत हुसेन यांनी १९९९ मध्येच साधारण अशीच योजना सुरू केली होती, पर्यटनातून आलेला पैसा त्यात घालून.

किब्बरनेच त्याआधी अजून एक केलं, आपल्या कुरणाचा एक भाग चराईसाठी बंद ठेवायचं ठरवलं, मोबदला घेऊन. तिथे गवत वाढलं, भरल वाढले. आता इथे एक गोष्ट सांगते जी सहसा कोणी सांगत नाही. भरल वाढले की हिमबिबट्या शेळ्या सोडून देईल असं सगळ्यांना वाटतं, पण स्पिती आणि मंगोलियातल्या अभ्यासात दिसलं की जंगली शिकार वाढली की हिमबिबटेही वाढतात आणि मग पाळीव जनावरांवरचे हल्लेसुद्धा वाढू शकतात.

रानवाटा

थांबा थांबा गवताळ ताई, म्हणजे संवर्धन यशस्वी झालं की मेंढपाळाचं नुकसान वाढणार? मग तो कशाला साथ देईल?

गवताळ

अगदी बरोबर प्रश्न आहे, आणि म्हणूनच एकेकटा उपाय फसतो. नुसतं कुरण राखलं, वाडगा उघडाच ठेवला, तर गावाच्या दृष्टीने तुम्ही संकट वाढवून ठेवलं. दोन्ही बरोबरच करावं लागतं, जाळी आधी आणि भरल नंतर असा क्रम ठेवला तर उत्तम. शिवाय हिमबिबट्या जिवंत असण्यातून घरात काहीतरी यायला हवं. लडाखमध्ये रुंबक आणि आसपासच्या गावांत होमस्टे उभे राहिले ते याच विचाराने, स्नो लेपर्ड कन्झर्व्हन्सी इंडिया ट्रस्टच्या कामातून. ज्या घरात पाहुणे उतरतात तिथल्या बाईच्या हातात थेट पैसा येतो, आणि पाहुणे येतात कशासाठी तर त्याच प्राण्यासाठी ज्याला आधीच्या पिढीने दगड मारले. स्पितीत आता गावातल्याच बायका कॅमेरा ट्रॅप लावायला कड्यांवर जातात आणि हजारो फोटोंतून प्राणी ओळखायचं कामही करतात.

मनं कशी बदलतात त्याचं मला फार आवडणारं उदाहरण म्हणजे शांगडोंग. हे लांडग्याचं आहे, पण शिकाऱ्याशी जुनं वैर तेच. लडाखमध्ये गावांजवळ दगडी खड्डे असायचे, भिंती आतल्या बाजूला झुकलेल्या, तळाशी आमिष म्हणून जिवंत जनावर बांधायचं, लांडगा आत उडी मारतो पण वर चढू शकत नाही, मग गाव येऊन दगडांनी मारणार. चुशूलच्या लोकांशी संशोधकांनी बोलणं चालू ठेवलं, धर्मगुरूंची मदत झाली, आणि गावाने खड्डे उद्ध्वस्त न करता भिंतीतले काही दगड काढून बाहेर पडायला वाट केली आणि शेजारी स्तूप बांधला. पूर्वजांच्या हातचं बांधकाम जागेवर राहिलं, मारणं थांबलं. कायद्याचा बडगा दाखवून हे झालं नसतं.

मोजमाप

मंगोलियाचं नाव निघालंय तर खाणींचा धोका राहायला नको. दक्षिण गोबीत टोस्ट म्हणून डोंगररांग आहे, हिमबिबट्यांचा जगातला सगळ्यात दीर्घ अभ्यास तिथेच झाला. त्या भागात खाणींचे परवाने वाटले गेले होते. बायरजार्गल अगवांतसेरेन या बाईंनी तिथल्या पशुपालकांना बरोबर घेऊन कितीतरी वर्षं पाठपुरावा केला, २०१६ मध्ये ७,००० चौरस किमीपेक्षा मोठं क्षेत्र राखीव झालं आणि नंतर आतले सगळे ३७ खाण परवाने रद्द झाले. २०१९ चा गोल्डमन हा पर्यावरणासाठीचा पुरस्कार त्यांना मिळाला. आणि सुरुवात कशी केली होती बघा, १९९० च्या दशकाच्या अखेरीस पशुपालक कुटुंबांकडून लोकरीच्या वस्तू विकत घ्यायच्या, करार असा की आपल्या भागात हिमबिबट्या आणि त्याचं भक्ष्य मारलं जाणार नाही, वर्षभर कोणी नियम मोडला नाही तर सगळ्यांना बोनस, एकाने मोडला तर सगळ्यांचा बोनस गेला. त्यामुळे राखण आपोआप गावच करतं.

लोकरीवरून आठवलं, कश्मीरी लोकरीची जगभर मागणी वाढली तशी मध्य आशियात, आपल्या लडाखच्या चांगथांग पठारावरही, शेळ्यांची संख्या खूप वाढली. गवत तेवढंच. शेळी खाणार ते गवत भरल, आयबेक्स, अर्गाली या रानातल्या शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडचं. दूरच्या शहरात कोणीतरी मऊ स्वेटर घेतो त्याचं ओझं त्या कुरणावर पडतं, आणि ते ना गस्तीने दिसतं ना कॅमेऱ्यात.

खिंडीपलीकडे

कुत्र्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, माझं काम लडाखमध्ये असतं आणि हा विषय मला रोज दिसतो. पर्यटन वाढलं, छावण्या, हॉटेलं, त्यांचं उरलेलं अन्न उघड्यावर, त्यावर कुत्री पोसली गेली आणि हिवाळ्यात हॉटेलं बंद झाली की तीच कुत्री टोळीने डोंगरात जातात. कोकरं मारतात, मार्मोट (बिळात राहणाऱ्या मोठ्या खारी) मारतात, भरल पळवून पळवून दमवतात, हिमबिबट्याने केलेली शिकार त्याच्यासमोरून हिसकावतात. एक हिमबिबट्या आणि आठ-दहा कुत्री असं समोर आलं तर हिमबिबट्याच मागे हटतो, साधारण ३०-५० किलोचा प्राणी, जखमी होणं त्याला परवडतच नाही, पाय दुखावला की कड्यावरची शिकार संपली. आणि स्पितीतल्या गावांत लोकांना विचारलं तर जनावरांचं मोठं नुकसान कुत्र्यांनी केलं असंच सांगतात, पण भरपाई किंवा विमा बहुतेक ठिकाणी जंगली प्राण्याने मारल्याचाच. म्हणजे नुकसान कुत्र्याचं, राग हिमबिबट्यावर. नसबंदी चालू आहे पण तुटपुंजी, आणि कचरा उघड्यावर राहील तोवर नसबंदी कितीही करा पुरणार नाही. माझ्या मते पुढच्या दहा वर्षांत लडाखमध्ये हा सगळ्यात मोठा प्रश्न असेल आणि यावर लिहायला कोणी तयार नाही कारण कुत्र्यांच्या बाजूने भांडणारे लगेच अंगावर येतात. मला कुत्री मारायची नाहीत, कचरा झाकायचाय.

हवामानबदलाचं थोडक्यात. झाडांची रेषा वर सरकतेय, आणि हिमबिबट्याला झाडी नको, उघडे खडक आणि गवत हवं. २०१२ च्या एका अभ्यासात उत्सर्जन असंच वाढत राहिलं तर हिमालयातला साधारण ३० टक्के अधिवास जाऊ शकतो असं आलंय. खालून झाडीबरोबर साधा बिबट्या वर येणार, वर तर नुसता बर्फ आणि दगड, मधला पट्टा अरुंद होत जाणार.

रानवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. एक शेवटचं विचारते, पुढच्या हिवाळ्यात लडाखला हिमबिबट्या बघायला जायचा विचार आहे. जावं का? की आपण गेल्याने त्रासच होतो?

खिंडीपलीकडे

जा, पण बघून जा. गावात होमस्टेला उतरा, वाट दाखवणारा आणि दुर्बिणीतून प्राणी शोधणारा त्याच गावचा असू दे, पैसे त्याच्या हातात पडू देत. बुकिंग करतानाच विचारा की एका वेळी किती जण नेता आणि किती अंतर ठेवता. जानेवारी ते मार्च हा त्यांच्या जोड्या जमायचा काळ, तेव्हाच पर्यटक सगळ्यात जास्त, आणि एखाद्या कड्यावर नर-मादी दिसले की खाली पन्नास कॅमेरे उभे राहतात, वॉकीटॉकी वाजतात, कोणीतरी अजून जवळ जायचा हट्ट धरतो. शिकार केलेला हिमबिबट्या त्या भरलवर तीन-चार दिवस काढतो, गर्दीने त्याला उठवलं तर अर्धं खाल्लेलं टाकून जातो, आणि मग पोट भरायला दुसरी शिकार करावी लागते, ती कदाचित कोणाच्या तरी मेंढीची. गाईड म्हणाला इथून पुढे नाही तर तिथेच थांबा, वाद घालू नका. आणि उरलेलं जेवण, रिकामी पाकिटं सगळं परत लेहला घेऊन या.

कडेकपारी

त्यात एवढंच घालतो, ज्या घरी उतराल तिथे त्यांच्या वाडग्याला जाळी आहे का विचारा. नसेल तर ते काम करणाऱ्या संस्था तिथे आहेत, एका वाडग्याची जाळी आणि दार ही चार-पाच मित्रांनी मिळून सहज उचलता येईल अशी गोष्ट आहे. मात्र पैसे परस्पर घरमालकाला देऊ नका, गावाच्या समितीमार्फत द्या, कोणाचा वाडगा आधी करायचा हे त्यांनीच ठरवलेलं बरं.